मे महिना धरून केलेला हिशेब: सांगोल्यातल्या एका कुटुंबाची एकात्मिक कोरडवाहू शेती

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यातलं हे कुटुंब. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचा उल्लेख नात्यानेच केला आहे. घरात आप्पा, त्यांची दोन मुलं, दोन सुना आणि शाळेत जाणारी नातवंडं. जमीन साडेसहा एकर: अडीच एकर मध्यम काळी, अडीच एकर मुरमाड आणि दीड एकर निव्वळ माळ. विहीर एक, ती फेब्रुवारी सरला की तळ दाखवते. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात फिरतं, यांच्या शिवारात ते अजून आलेलं नाही.

सांगोला पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. जूनमध्ये थोडा शिडकावा, मग लांबलचक खंड, आणि सगळी भिस्त सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर. त्यामुळे इथली मूळची शेती रब्बी ज्वारीची. खरिपात बाजरी, तूर, मटकी, हुलगा. दावणीला खिलार, माळावर शेळ्यामेंढ्या. डाळिंब आलं तसं हे मागे पडलं. यांनीही २०१४ मध्ये मुरमाड रानात आणि त्याला लागून अर्ध्या एकरात भगवा जातीच्या डाळिंबाची नऊशेवर झाडं लावली. त्या बागेने घर बांधून दिलं, ठिबक आणलं, ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं दिलं. २०१८-१९ च्या दुष्काळात टँकरचं पाणी विकत घेऊन बाग जगवली. जी बाग दुष्काळात तगली ती पावसाने घालवली: २०२० आणि २०२१ च्या अतिवृष्टीत मुळांशी पाणी साचलं, मर लागली आणि मागोमाग पिनहोल बोअररने खोडं पोखरली. २०२२ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून सगळी बाग काढून टाकली.

अडचण

वरवर पाहता प्रश्न एवढाच होता की रिकाम्या तीन एकरांत आता काय लावायचं. खरी अडचण त्याहून गुंतागुंतीची होती. सोसायटीचं कर्ज थकलेलं. बागेच्या आठ वर्षांत बैलजोडी विकली गेली होती आणि दावणीला एक खिलार गाय आणि एक म्हैस उरली होती. शेणखत विकत आणायची सवय लागली होती. कडबाही विकतचाच, कारण ज्वारी फक्त घरापुरती. म्हणजे शेतीची एक बाजू कोसळली तेव्हा सावरायला दुसरी बाजूच नव्हती.

त्यात धाकटा मुलगा २०२० च्या टाळेबंदीत पुण्याची नोकरी सोडून परत आला होता. एकाच रानावर आता दोन कुटुंबं होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पुन्हा डाळिंब. थोरल्याचा कल तिकडेच होता. पण मर रोगाची बुरशी मातीत राहते, त्याच जागी लगेच नवी रोपं लावणं म्हणजे जुगार. शिवाय पहिलं फळ हाती यायला दोन वर्षं, तोवर खर्च कशातून?

दुसरा पर्याय संकरित गायींचा गोठा. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, हे त्याचं आकर्षण. पण गायीला बारमाही हिरवा चारा लागतो आणि यांच्या विहिरीला चार महिने पाणी नसतं. चारा-पेंड विकत घेऊन दूध घालणाऱ्या शेजाऱ्यांची पासबुकं आप्पांनी पाहिली होती. दुधाचा पगार पेंडेच्या दुकानदाराकडून होऊन घरी येत होता.

तिसरा पर्याय धाकट्याचा: शेळीपालन, तेही मोठं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटाला ५० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं. त्याने प्रकल्प अहवालही करून आणला होता.

चौथा पर्याय आप्पांचा, आणि तो त्यांना नीट मांडता येत नव्हता. "आमच्या वेळंला होतं तसं, थोडं थोडं समदं." धाकटा यावर हसला होता. कृषी विद्यापीठाच्या भाषेत यालाच एकात्मिक शेती पद्धती म्हणतात, हे कळल्यावर त्याचं हसू जरा कमी झालं.

सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने देण्याचा पाचवा पर्याय नंतर, २०२३ मध्ये पुढे आला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. तीन एकरांचे दीड लाख रुपये घरबसल्या. हा पर्याय भावनेने नाकारण्यासारखा मुळीच नव्हता. पुढे दिलेले उत्पन्नाचे आकडे वाचताना हे दीड लाख डोक्यात ठेवावेत. वीज उपकेंद्र लांब पडल्यामुळे तो आपोआप बाद झाला. जवळ असतं तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता, आणि तो चुकीचा ठरला असता असं म्हणता येणार नाही.

पहिला निर्णय: शेळ्या किती?

या सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे. शेळ्या घ्यायच्या हे ठरलं. उस्मानाबादी घ्यायच्या हेही ठरलं: इथल्या उन्हाला सरावलेली जात, जुळी करडं नेहमीची. वाद आकड्यावर होता. धाकटा म्हणत होता १००. शेड बांधायला जागा होती, अनुदान होतं, बँक तयार होती.

हिशेब मांडला तो उलट्या बाजूने. शेडमध्ये किती मावतील हे बाजूला ठेवून, मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत घरच्या चाऱ्यावर किती जगतील, एवढंच विचारलं. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण सव्वा किलो कोरडा चारा लागतो, हिरवा असला तरी वाळलेल्या वजनाने तेवढाच. १२० दिवसांचा झाला दीड क्विंटल. १०५ जनावरांना १५० क्विंटलच्या वर. घरचा पुरवठा किती? तुरीचं भुसकट, मटकी-हुलग्याचा भुसा मिळून ९-१० क्विंटल. शेवरी या चाऱ्याच्या झाडाचा पाला, वाळवलेल्या हिशेबाने, ४ क्विंटल. बाकी माळावर जे काही दातांना लागेल ते. कडबा यात धरला नाही, तो गाय आणि म्हैस संपवतात. आकडा निघाला १२.

धाकट्याचा मुद्दा अगदीच कच्चा नव्हता. उरलेला चारा विकत घेऊ, बकरी ईदला बोकडांचे पैसे होतात, असं तो म्हणत होता. त्याला उत्तर दिलं ते थोरल्या सुनेने: "भाऊजी, आपल्याकडं वैरण नसंल तवा गावात कुणाकडं असंल?" कोरडवाहू भागातल्या मोठ्या शेळी प्रकल्पांची गोम हीच आहे. चाऱ्याची टंचाई एकट्या घरावर येत नाही, सगळ्या तालुक्यावर एकदम येते. त्या महिन्यांत चारा महाग आणि जनावर स्वस्त होतं, दोन्ही एकाच बाजारात. प्रकल्प अहवालात चाऱ्याचा भाव बारा महिने सारखा धरलेला होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये १० शेळ्या आणि १ बोकड घेतला, बाजारातून न घेता आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून, दोन-दोन तीन-तीन करून. महिनाभर वेगळ्या बांधल्या, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरच्या लसी झाल्या, मगच एकत्र केल्या.

काय काय केलं

काळ्या रानात रब्बी ज्वारी आली. सप्टेंबरच्या पावसाआधी रानात चौकोनी वाफे पाडून ठेवले, म्हणजे पडेल ते पाणी जागेवर मुरावं. मुरमाड दोन एकरांत बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरीच्या आणि एक तुरीची. बाजरी सप्टेंबरात निघते आणि तूर मागे एकटी उभी राहते. पावसाचा खंड पडला तरी दोन्ही एकदम जात नाहीत. पूर्वी बागेत असलेल्या अर्ध्या एकर काळ्या तुकड्यात मटकी-हुलगा, आणि मुरमाडाच्या उरलेल्या अर्ध्या एकरात, बागेच्याच जुन्या ठिबकवर, चाऱ्यासाठी शेवरी, दशरथ घास आणि थोडं नेपियर. बागेतून काही वाचलं असेल तर ठिबक आणि शेततळं. नवीन खर्च शेळ्या आणि कुंपणापुरता.

माळावर झाडं लावताना एक चांगली गोष्ट झाली. सीताफळाचा पाला शेळी तोंडात धरत नाही, म्हणून उघड्या बाजूला सीताफळ. बोरीचा पाला शेळीला जीव की प्राण, म्हणून बोर आतल्या बाजूला. बोरीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, चारा सर्वांत कमी असतो तेव्हाच. छाटलेल्या फांद्यांचा पाला शेळ्यांना आणि काटेरी फांद्या कुंपणाला. कागदावर हे फार सुरेख जुळत होतं. प्रत्यक्षात पहिल्याच उन्हाळ्यात, एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि निम्मी रोपं शेंड्यापासून साफ झाली. बोरीचा पाला मिळायला अजून काही वर्षं आहेत.

एकात्मिक शेतीच्या तक्त्यांवर मासे, मधमाश्या, अझोला (चाऱ्याची पाणवनस्पती), कोंबड्या, गांडूळखत असं सगळं एका वर्तुळात बाणांनी जोडलेलं असतं. यांनी त्यातलं बरंच सोडून दिलं ते बरं केलं. मासे नाकारले, कारण रोहू-कटला विकण्याजोगे व्हायला आठ-दहा महिने पाणी टिकलं पाहिजे आणि यांचं तळं चांगल्या वर्षीही एप्रिल पाहत नाही. अझोला एप्रिलच्या उन्हात मेला. कोंबड्या एकदा मानमोडी रोगाने गेल्या, नंतर लस वेळेवर टोचून पंचवीसेक ठेवल्या. त्या घरच्या अंड्यांपुरत्या चालू आहेत.

दुसरा निर्णय: तळ्यातलं पाणी कुणाला?

२०२३ चा ऑगस्ट देशात शंभर वर्षांहून अधिक काळातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला होता. बाजरी हातभर वाढून वाळली. ज्वारी उगवली, पण तिची वाढ थबकली. भरलं तर जवळजवळ २० लाख लिटर मावणाऱ्या तळ्यात डिसेंबरच्या सुरुवातीला ८-९ लाख लिटर पाणी होतं.

एक एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर २ लाख लिटर लागतं. ज्वारी पोटरीत होती, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात. या वेळी एक पाणी मिळालं तर कणीस भरतं. चारही बाजूंनी मागणी: ज्वारी, चाऱ्याचा तुकडा, सीताफळाची दुसऱ्या वर्षातली रोपं, आणि उन्हाळ्यात जनावरांना पिण्यासाठी राखीव. थोरल्याचं म्हणणं, सगळ्यांना थोडं थोडं. आप्पांचं म्हणणं, पाणी साठवून ठेवा, पुढं लागेल.

साठवून ठेवण्यात एक मेख आहे. भरल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. ऐन उन्हाळ्यात दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे रोजचे सात ते नऊ हजार लिटर. अर्धवट तळ्यात आणि हिवाळ्यात हा आकडा कमी असतो, पण तरी बारा शेळ्या दिवसाला पितात साठ-सत्तर लिटर! जनावरांसाठी म्हणून तळं राखलं तर त्यातलं बहुतेक पाणी ऊन पिणार. तेव्हा ठरलं असं: ज्वारीच्या खोल मातीच्या सव्वा एकराला एक पाणी लगेच द्यायचं, उथळ भागातली ज्वारी चाऱ्यासाठी धरायची, नेपियर तोडून टाकायचं, आणि उरलेलं पाणी शेवरीला व सीताफळाला ठिबकने, तळं संपेपर्यंत. जनावरांच्या पिण्यासाठी विहिरीच्या तळातलं पाणी आणि वेळ पडली तर टँकर. नेपियर काढताना धाकट्याच्या जिवावर आलं होतं, हिरवंगार होतं ते. पण अर्धा गुंठा नेपियर जगवायला जेवढं पाणी जातं, तेवढ्यात शेवरीची मोठी ओळ तग धरते.

उथळ भागातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती. धाकट्याने सकाळीच विळा घेतला आणि भारा कापून गोठ्यापुढे टाकायला आणला. थोरल्या सुनेने तो वाटेतच अडवला. "किराळ लागंल. गाय उभ्याउभ्या पडंल." पाण्याच्या ताणात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य वाढतं आणि ताजी खाल्ली तर जनावर काही मिनिटांत दगावू शकतं. तिच्या माहेरी असं एक खोंड गेलं होतं. ज्वारी कापून रानातच पसरली, चांगली खडखडीत वाळू दिली, मग रचली आणि सुरुवातीला तुरीच्या भुसकटात मिसळून थोडी थोडी घातली.

तिसरा निर्णय: विकायचं कधी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठ्यात १२ शेळ्या, नोव्हेंबर-डिसेंबरची चौदा करडं आणि आदल्या वर्षीचे चार बोकड होते. करडं त्याच महिन्यांत यावीत म्हणून जून-जुलै सोडून इतर वेळी बोकडाच्या पोटाखाली गोणपाट बांधून ठेवत. एप्रिलमध्ये व्यालेली शेळी या भागात स्वतःही खंगते आणि करडूही खंगवते.

बकरी ईद १७ जूनला होती. सगळंच ईदपर्यंत ओढायचा मोह होता. वैरणीचा ढीग मापून पाहिला, तो मोठ्या शेळ्यांना आणि चार बोकडांना जेमतेम जूनअखेर पुरणारा होता. तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटी, करडं तीन-साडेतीन महिन्यांची असतानाच तीन पाटी (मादी करडं) ठेवून बाकी अकरा विकून टाकली. भाव फार चांगला मिळाला नाही. एप्रिलमध्ये त्याच बाजारात लोक गाभण शेळ्या घेऊन उभे होते तेव्हाचा भाव मात्र बघवत नव्हता. चार बोकड ईदला गेले आणि त्यांच्यावर अकरा करडांच्या निम्म्याहून अधिक पैसे आले.

काय साधलं, काय नाही

२०२४ च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला, तेव्हा गोठ्यात बाराच्या बारा शेळ्या उभ्या होत्या. एकही शेळी अडचणीपायी विकावी लागली नाही. माझ्या मते या प्रकरणात यश मोजायचं ते इथे, वर्षाच्या नफ्यात नाही. चांगल्या वर्षी शेळ्यांमधून सव्वा लाखाच्या आसपास येतात, तूर आणि मटकीचे थोडे वेगळे. ज्वारी घरची, कडबा घरचा. डाळिंबाच्या भरातल्या वर्षांपुढे ही रक्कम किरकोळ आहे आणि थोरला ते दर थोड्या दिवसांनी बोलून दाखवतो. नवं कर्ज झालेलं नाही, जुनं हप्त्याने फिटतं आहे. दोन कुटुंबं मात्र यावर चालत नाहीत. धाकटा आता छोटा टेम्पो चालवतो आणि शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे भाडी घेतो.

खताचं गणित अजून जुळलेलं नाही. वर्षाला दीड ट्रॉली लेंडीखत निघतं, साडेसहा एकरांना ते कुठे पुरणार? पूर्वी फेब्रुवारीत ज्वारी निघाली की धनगरांची मेंढरं रानात बसवायचे. ती प्रथा पुन्हा सुरू करावी तर मेंढरं धसकटं आणि बांधावरचं सगळं खाऊन जातात, आणि आता त्यावर घरच्या शेळ्यांचाही हक्क आहे. मधला मार्ग म्हणून उथळ तुकड्यात फक्त काही रात्री मेंढरं बसवतात, शेळ्या त्या दिवसांत तिकडे नेत नाहीत, रोगाच्या भीतीने.

आणखी एक बाब हिशेबाच्या वहीत सुरुवातीला नव्हतीच: थोरल्या सुनेचे तास. शेवरी छाटणं, करडं पाजणं, लेंड्या झाडणं, दुपारी माळावर नेणं. बागेच्या दिवसांत ती मजुरांबरोबर काम करून संध्याकाळी मोकळी व्हायची. आता लग्नकार्याला माहेरी दोन दिवस जायचं तरी गोठ्याकडे कोण, हा प्रश्न. दोन-चार शेळ्या असतात तोवर शेळी बाईची असते, विकून आलेले पैसे तिच्या डब्यात जातात. शेड झाली, आकडा वाढला की व्यवहार पुरुषांच्या हाती जातो आणि काम तिच्याकडेच राहतं. या घरातही पहिल्या वर्षी तसंच झालं. २०२४ ला ईदचे बोकड विकल्यावर तिने सरळ सांगितलं की निम्मे पैसे माझ्या खात्यावर आले तर पुढच्या वर्षी शेळ्या, नाहीतर तुमच्या तुम्ही बघा. थोरला दोन दिवस गप्प होता. पैसे खात्यावर जमा झाले. दुपारची चराई आता आप्पांकडे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शेवरी आणि शेळ्या एकाच हंगामात आल्या. शेवरी एक वर्ष आधी लावली असती तर पहिला उन्हाळा, २०२३ चा, इतका ओढाताणीचा गेला नसता. तेव्हा भुसा विकत आणावा लागला होता. बाग काढायच्या आधीच बांधावर चार ओळी लावणं शक्य होतं, पण त्या वेळी कुणाच्याच डोक्यात शेळ्या नव्हत्या.

बोरीच्या रोपांना सामाईक फाटकावर न सोडता प्रत्येकाला काट्यांचं आळं हवं होतं. हे काम नंतर केलंच.

उथळ रानात ज्वारी पेरायचा हट्ट सोडायला हवा होता. तिथे करडई किंवा हुलगा तगला असता आणि किराळीची धास्तीही राहिली नसती. २०२४ पासून तिथे करडई आहे.

तळ्याच्या निर्णयाबद्दल मात्र दोन मतं आहेत. सव्वा एकर ज्वारीचं पाणीही वाचवून सगळं शेवरी-सीताफळाला दिलं असतं तर सीताफळाची गेलेली रोपं वाचली असती, असं थोरला म्हणतो. त्याचं गणित चुकीचं नाही. पण त्या पाण्यावर घरची वर्षाची ज्वारी आणि दोन मोठ्या जनावरांचा कडबा आला, आणि त्या साली कडब्याची पेंढी ज्या भावाला गेली ते पाहता मी पुन्हा ज्वारीलाच पाणी दिलं असतं.

विम्याचा प्रश्न राहिला. २०२३ च्या फेब्रुवारीत खळ्यावर मोकळं धान्य सापडून दोन शेळ्या पोट फुगून मेल्या. विमा काढलेला नव्हता, त्यामुळे भरपाई नाही. त्यांची जागा घरच्या पाटींनी भरून काढली. आता सगळ्यांच्या कानात विम्याचे बिल्ले आहेत. बिल्ला झुडपात अडकून पडला की त्याच आठवड्यात कळवायचं, हे काम शाळेत जाणाऱ्या थोरल्या नातीकडे दिलं आहे, कारण घरात फॉर्म न कंटाळता भरणारी ती एकटीच.